काट्यावरचं बाळसं

आमच्या कॉलेजात पेशीचा तास कारखान्याच्या भोंग्याने सुरू व्हायचा आणि भोंग्यानेच संपायचा. घड्याळ होतं, पण ते प्राचार्यांच्या खोलीत होतं आणि तिथे ते प्राचार्यांच्या सोयीने चालायचं. कॉलेज साखर कारखान्याने काढलेलं. इमारत कारखान्याची, बाकं कारखान्याची, प्रयोगशाळेतलं स्पिरिटसुद्धा कारखान्याकडूनच यायचं, आणि ते आलं की शिपायापासून वरपर्यंत सगळ्यांना विज्ञानात अचानक रस वाटू लागायचा. मी तिथली जीवशास्त्राची अध्यापिका. पुण्याहून एम.एस्सी. करून आलेली, चष्मा लावणारी आणि लग्न न झालेली. माझी एम.एस्सी. गावाने मोठ्या मनाने माफ केली होती. लग्नाचं तेवढं त्यांना जड जात होतं.

गाव प्रवरेच्या पाटाखालचं. नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं अजून माझ्याशी बोलतात. बहात्तरचा दुष्काळ पडला तो हंगाम होता. जिल्ह्याच्या पूर्वेकडे, पाथर्डी-शेवगावच्या बाजूला, माणसं रस्त्यावर खडी फोडत होती. आमच्याकडे पाट आटला होता तरी विहिरींना थोडंफार होतं, ऊस उभा होता, आणि उसाबरोबर आमच्या लोकांची मानही उभी होती. दुष्काळ म्हणजे वर्तमानपत्रात येणारी आणि पाथर्डीत राहणारी गोष्ट, असा एकूण समज होता.

पेशीत प्रथिनं कशी हिंडतात, हा माझा जीव की प्राण विषय. प्रथिनं डाळीत असतात, दुधात असतात, एवढं पोरांना ठाऊक होतं आणि एवढ्यावर त्यांचं भागत होतं. पण खाल्लेली प्रथिनं मोडून आपल्या पेशी त्यांतून स्वतःला हवी तशी नवी घडवतात, आणि घडवलेली प्रथिनं जागच्या जागी पडून राहत नाहीत. ती एका जाळ्यात शिरतात, तिथून चपट्या पिशव्यांच्या चळतीत जातात, तिथे त्यांच्यावर शेवटचा हात फिरतो, मग बारीक पुड्यांत बांधून पेशीच्या कडेला पोचतात आणि बाहेर पडतात. कुणी कुठे जायचं याची खूण त्या प्रथिनाच्या अंगावरच असते, असं तिकडे परदेशात कुणीतरी नुकतंच म्हणायला लागलं होतं. तेव्हा ती नुसती अटकळ होती. मी मात्र ती वर्गात अशी सांगायचे, जणू आत्ताच जाऊन पाहून आले.

वर्ग ढिम्म. बागायतदारांची पोरं ती, निम्मी झोपेत आणि निम्मी बुलेटच्या विचारात. शेवटी एक दिवस वैतागून मी म्हणाले, ‘‘अरे, पेशी म्हणजे तुमचा साखर कारखाना समजा. ऊस आत येतो, रस निघतो, साखर होते, पोत्यात भरतात, पोत्यावर मार्का मारतात आणि ट्रक बाहेर पडतो. प्रथिनांचंही तसंच.’’ आजवर एकदाही न उठलेल्या माना उठल्या. मागच्या बाकावरून प्रश्नही आला, ‘‘बाई, मग त्यात चेअरमन कोण?’’

मी म्हणाले, पेशीत चेअरमन नसतो. केंद्रक असतं, पण ते मुकाट हुकूम धाडतं, भाषण करत नाही. वर्गाला हे अजिबात पटलं नाही. चेअरमनशिवाय कारखाना चालतो ही बातमी दुपारच्या भोंग्याच्या आत चेअरमनसाहेबांच्या बंगल्यावर पोचली, आणि मला बोलावणं आलं.

चेअरमनसाहेब म्हणजे आडवा बांधा, पांढरं धोतर आणि गडगडाटी हसणं. माणूस वाईट नव्हता. फक्त जगातली कुठलीही गोष्ट त्यांना काट्यावर घातल्याशिवाय कळत नसे. ‘‘बाई, तुमी म्हनं आमच्याशिवाय कारखाना चालवताय!’’ म्हणून ते खूप हसले, आणि मग खरोखरच्या उत्सुकतेने विचारलं, ‘‘पन उतारा किती पडतो तुमच्या त्या पेशीला?’’ उतारा म्हणजे उसातून निघणारी साखर. मी म्हणाले, तुमच्यापेक्षा बरा. ते पुन्हा हसले आणि माझ्या गळ्यात सुदृढ बालक स्पर्धा मारली.

स्पर्धा दरवर्षी व्हायची. महिला मंडळ भरवायचं, सभासदांची पोरं यायची, आणि बक्षीस कुठल्यातरी संचालकाच्या नातवाला मिळून सगळे समाधानाने घरी जायचे. या वर्षी मात्र दुष्काळाची पाहणी करायला मंत्री येणार होते, आणि चेअरमनसाहेबांच्या डोक्यात कल्पना आली होती की ऊसतोडणीवाल्यांची पोरंही स्पर्धेत उतरवायची. ‘‘मंत्र्यान्ला दिसू द्या, आपल्याकडं मजुराचं पोरबी कसं असतंय ते.’’ मी पोरं सांभाळायची, काट्यावर ठेवायची आणि उचलायची. माझ्या शिक्षणाचा याहून चांगला उपयोग प्राचार्यांनाही सुचला नव्हता.

निकाल कशावर लावायचा यावर आदल्या दिवशी बैठक झाली. कारखान्याच्या दवाखान्यातले डॉक्टर बिचारे म्हणाले की दात बघावेत, उंची बघावी, मूल खेळतं का ते बघावं. चेअरमनसाहेबांनी त्यांना मध्येच थांबवलं. ‘‘डॉक्टर, आपन ऊस घेतो तवा त्याचं दात बगतो का? काट्यावर घाला. भरंल त्ये भरंल.’’ झालं, ठरलं. ऊस पिकवणाऱ्या माणसाला काट्याची शंका जन्मभर असते, पण काट्याशिवाय भरवसाही दुसऱ्या कशावर नसतो. साखरेची पोती तोलायचा काटा मांडवात आणून ठेवला, त्यावर सतरंजी घातली आणि काट्याला झेंडूची माळ घातली.

मंत्री दोन तास उशिरा आले. तोवर बागायतदारांची बाळं काजळ आणि घाम एकत्र वाहत, सोन्याच्या करगोट्यांसकट भोकाड पसरून बसली होती. तोडणीवाल्यांची चार पोरं मुकादमाने, म्हणजे त्या टोळीच्या म्होरक्याने, आणून मांडवाच्या कडेला बसवली होती. त्यांतलं एक पोर दीड-दोन वर्षांचं असेल. तोंड वाटोळं, गाल वर आलेले, पाय भरलेले, पोट टम्म. ते कुणाकडे बघत नव्हतं. मांडवात एवढा गोंधळ, लाऊडस्पीकर खरखरतोय, आणि हे समोरच्या मातीकडे बघत बसलेलं. त्याची आई, पाथर्डीकडची, वीस-बावीसची, कडेवर तान्ही मुलगी घेऊन मागे उभी होती. बाया तिला म्हणत होत्या, काय गं गुणाचं पोर तुझं.

मी त्याला उचललं. उचलताना माझा अंगठा त्याच्या नडगीवर दाबला गेला. काट्यावर ठेवून हात काढला, तर अंगठ्याएवढा खळगा तसाच राहिला. मी बघत राहिले, तो भरून येईना. मग मी नीट पाहिलं. केस तांबूस आणि विरळ. नडगीवरची कातडी जुन्या भिंतीच्या पोपड्यासारखी सुटत होती. तोंड भरलेलं, पण दंडाला मूठभर मांस नव्हतं. हे चित्र मी पुस्तकात पाहिलं होतं. त्या आजाराचं नाव आफ्रिकेतलं, आणि पाठीवर दुसरं आलं की पहिल्याला होणारं दुखणं असा त्याचा अर्थ खाली दिला होता.

काटा खाली गेला. आधी तोललेल्या एका संचालकांच्या नातवापेक्षा हे पोर जड भरलं. त्या संचालकांच्या सूनबाई म्हणाल्या, ‘‘काटा तपासा.’’ काटा तपासला. पोर पुन्हा घातलं. पुन्हा तेवढंच. टाळ्या पडल्या.

मी डॉक्टरांच्या कानाशी गेले. म्हटलं, हे बाळसं नाही, सूज आहे. याच्या रक्तात प्रथिनं उरलेली नाहीत. त्यांनी पोराकडे पाहिलं, पायाकडे पाहिलं, मग चेअरमनसाहेबांकडे पाहिलं. ‘‘बाई, मला दिसतंय,’’ ते हळूच म्हणाले, ‘‘पण नाव माईकवर गेलं.’’

नाव खरंच माईकवर गेलं होतं. चेअरमनसाहेब सांगत होते की, आज महाराष्ट्र होरपळत असताना आमच्या कार्यक्षेत्रात मात्र भूक नाही, आणि त्याचा पुरावा आमचं हे तोडणी कामगाराचं बालक काट्यावर बसून देत आहे. मंत्र्यांनी पुरावा मांडीवर घेतला. त्यांनी गालगुच्चा घेतला तेव्हा गालावरही खळगा पडला आणि राहिला, पण मंत्र्यांना ती खळी वाटली. फोटो निघाला. बक्षीस म्हणून ढाल आणि दहा किलो साखर देण्यात आली. साखर कारखान्याने दुसरं देणार काय? वर घोषणा झाली की पंधरवड्याने नगरला जिल्ह्याची स्पर्धा आहे, तिथे आमचं बालक जाईल, आणि तिथलं पहिलं बक्षीस दुभती शेळी.

दुसऱ्या दिवशी दुपारी तास आटोपून मी तळावर गेले. तोडणीवाल्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाची त्रिकोणी खोपटी, कारखान्याच्या मागे माळावर होत्या. पोराची आई नुकतीच उसाच्या फडातून आली होती. बाप बैलांना वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, टाकत होता. पोर कोपीच्या तोंडाशी बसलेलं, गळ्यात कालचा हार, हातात उसाचं कांडं, आणि ते कांडंही चोखत नव्हतं.

‘‘बसा बाई,’’ आई म्हणाली. तिने बसायला पोतं टाकलं आणि विचारायच्या आधीच सांगायला लागली. पाठीवरची झाल्यापासून पोराचं दूध तुटलं. गावाकडे शेळी होती, चाऱ्यावाचून ती विकली. इथे आल्यावर पोर चहात भाकरी कुस्करून खायचं, आता तेही नको म्हणतं. पण ऊस आहे, काकवी आहे, गूळ आहे, गोडाला कमी नाही. ‘‘गोडानं कसं अंग धरलंय बगा. आन् आता तर साकर मिळालीया. रोज पानी करून पाजते.’’

मी जे मला येत होतं ते सांगायला लागले. म्हणाले, आपल्या यकृतात बारीक बारीक पेशी असतात. त्या एक प्रथिन तयार करून रक्तात सोडतात, आणि ते प्रथिन रक्तातलं पाणी रक्तात धरून ठेवतं. पोटात डाळ-दूध गेलं नाही की पेशीला माल मिळत नाही, मग ते प्रथिन बनत नाही, आणि पाणी रक्तातून झिरपून मांसात उतरतं. ती शांतपणे ऐकत होती. ज्या शांतपणे आपण तहसीलदाराचं ऐकतो, त्या शांतपणे. म्हणून मी माझा हुकमी कारखाना काढला. म्हटलं, मागच्या महिन्यात बारदान आलं नाही तेव्हा काय झालं आठवतं? पोती नव्हती म्हणून साखर गोदामात ढिगाने तुंबली, गाळप थांबलं. याच्या यकृतातही चरबी तशीच तुंबलीय. बाहेर न्यायला प्रथिनाचं पोतं लागतं, तेच नाही. म्हणून पोट टम्म दिसतंय.

तिने पोराच्या पोटावर हात ठेवला. ‘‘बाई, पोराच्या पोटात कारखाना हाय व्हय?’’

‘‘आहे.’’

‘‘मंग चेअरमनान्ला सांगा की.’’

बाप मोठ्याने हसला. मलाही हसू आलं असतं, पण मला राग आला होता. तिचा नाही, माझा. एवढं शिकून मला या बाईशी बोलता येत नव्हतं. समोर बैलगाडीत ऊस भरलेला होता, तोडलेल्या बुडख्यातून अजून पाणी गळत होतं. आणि मला सुचलं.

‘‘मालक तोडणीच्या आधी उसाला पाणी का सोडतो?’’ मी विचारलं.

‘‘वजन वाडाया,’’ बाप म्हणाला. ‘‘त्येबी म्हाईत न्हाई व्हय तुमाला?’’

‘‘साखर वाढते का त्याने?’’

‘‘साकर कशी वाडंल? पानीच त्ये. काट्यावर जड, घानीत फुसकं.’’

‘‘या पोराला तसंच पाणी सुटलंय,’’ मी म्हणाले, आणि त्याच्या नडगीवर अंगठा दाबून काढला.

आईने तान्हीला खाली ठेवलं. तिने स्वतःचा अंगठा दाबला, माझ्या खळग्याशेजारी. मग तान्हीच्या पायावर दाबला. तिथला खळगा लगेच भरून आला. मग तिने पुन्हा पोराचा पाय पाहिला. दोन खळगे तसेच होते.

बापाचा चेहरा उतरला, पण त्याने धीर सोडला नाही. ‘‘आसंल पानी,’’ तो म्हणाला. ‘‘पन बाई, धा-पंदरा दिसाचा तर प्रश्न हाय. नगरला पयलं आलं की शेळी मिळतीया. शेळी आली की पाजू त्याला दूध.’’

म्हणजे दूध मिळवायचं असेल तर तोवर दुधावाचून सुजलेलं राहिलं पाहिजे. पंचवार्षिक योजना लिहिणाऱ्यांनाही असं काही सुचलं नसेल. मी ओरडले, पोर जाईल म्हणाले. मुकादम आला आणि म्हणाला, बाई, हंगामात बायकू दवाखान्यात बसली तर नवरा-बायकोच्या जोडीचा कोयता मोडतो, एकट्या गड्याला कोण कामावर ठेवील? शिवाय पोर आता कारखान्याचं आहे, चेअरमनला विचारल्याशिवाय ते हलवता येणार नाही. मी चेअरमनसाहेबांकडे गेले. त्यांनी चहा दिला आणि म्हणाले, ‘‘बाई, तुमी पेशीचं बगा, आमी पोराचं बगतो.’’ आणि खरंच त्यांनी बघितलं. त्याच संध्याकाळी बंगल्यावरून पोरासाठी आणखी पाच किलो साखर गेली.

त्या दोन दिवसांत मी वर्गात काय शिकवलं मला सांगता येणार नाही. फळ्यावर जाळं काढायचे, पिशव्यांची चळत काढायचे, आणि मध्येच थांबायचे. पोरांना वाटलं बाईंचं लग्न ठरलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तास चालू असताना दारात ती उभी राहिली. पदरात पोर गुंडाळलेलं, पाठीला तान्ही बांधलेली, पाय पाचटाने चिरलेले. सगळ्या वर्गासमोर ती म्हणाली, ‘‘बाई, ह्ये डोळंच उघडंना. काकवीबी ग्येली न्हाई घशाखाली.’’

मी खडू ठेवला. प्राचार्य व्हरांड्यात भेटले. रजेचा अर्ज रीतसर द्यावा लागेल, म्हणाले. मी म्हणाले, आल्यावर देते, आणि तो मी अजून दिलेला नाही. कारखान्याचे डॉक्टर त्यांच्या खोलीच्या दाराशी उभे होते. आम्हाला पाहून ते आत गेले, आणि मला वाटलं संपलं. पण ते टोपी घालून बाहेर आले आणि आमच्याबरोबर एस.टी.च्या थांब्यापर्यंत चालले. गाडी खच्चून भरलेली होती. त्यांनी ड्रायव्हरशेजारची जागा भांडून मिळवली, कुठल्या वॉर्डात जायचं, कुणाला भेटायचं ते मला नीट सांगितलं, आणि म्हणाले, ‘‘मी सांगितलं म्हणून नका सांगू.’’ त्या काळात एवढं धैर्यही मला डोंगराएवढं वाटलं. नगर येईपर्यंत ती पोराच्या नाकाशी बोट धरून बसली होती. मी खिडकीतून बाहेर बघत होते, कारण तिच्याकडे बघायची हिंमत होत नव्हती.

नगरच्या दवाखान्यात पोराला खाटेवर घेतलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पोटावर हात फिरवला आणि यकृत केवढं वाढलंय ते मला बोटाने दाखवलं. चरबीने भरलेलं असणार, म्हणाल्या. मी म्हणाले, हो, पोती नाहीत. त्यांनी माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं. मग सुरू झालं ते चमच्याचं काम. पातळ दूध, दोन-दोन चमचे, थोडं थांबून पुन्हा. एकदम दिलं तर झेपायचं नाही. पुढे भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ, शेंगदाण्याचा कूट, अंड्याचा बलक. मी शनिवार-रविवार तिथे, आणि मधल्या दिवसांत जमेल तशी सकाळच्या गाडीने जाऊन येत होते. खरं सांगते, मला भीती वाटत होती. प्रथिनाचा रस्ता मला पाठ होता. पेशीच्या आतलं जाळं मी डोळे मिटून काढू शकत होते. पण त्या चमच्यातलं दूध या पोराच्या आत खरोखर तो रस्ता धरतंय की नाही, हे कळायला कुठला तक्ता नव्हता. पहिले काही दिवस पोर नुसतं पडून होतं, आणि रात्री खोलीवर आल्यावर मला जेवण जात नसे.

मग पाणी उतरायला लागलं. आणि पाणी उतरायला लागलं तेव्हाच खरी पंचाईत झाली. यकृताने काम सुरू केलं, रक्ताने पाणी ओढून घेतलं, पोर सारखं ओलं करू लागलं, आणि दररोज सकाळी काट्यावर ते आणखी हलकं भरू लागलं. डॉक्टरीणबाई खूश, मी खूश, आणि आई दिवसेंदिवस काळवंडत चाललेली. वाटोळं तोंड उतरलं. गालाची हाडं दिसायला लागली. पाय काड्या झाले. सूज गेल्यावर खाली जे उरलं, ते पोर आत्तापर्यंत कुणी पाहिलंच नव्हतं, तिनेसुद्धा. शेजारच्या खाटेवरची म्हातारी म्हणाली, ‘‘अगं बया, आनलं तवा कसं गुबगुबीत हुतं. काय केलं गं ह्यांनी?’’ तिचा नवरा एक दिवस फडातून आला, पोराला पाहिलं आणि भिंतीला टेकून बसला. ‘‘घेऊन चल,’’ म्हणाला. ‘‘घरला तरी जड हुतं.’’

तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, ‘‘जे गेलं ते पाणी गेलं. आता भरेल ते मांस भरेल.’’ नवऱ्याला ती म्हणाली, ‘‘तुमी जावा. म्या हाय हितं.’’ त्या रात्री ती जेवली नाही, असं मला सिस्टरनी नंतर सांगितलं.

जिल्ह्याच्या स्पर्धेचा रविवार आला तेव्हा पोर उशीला टेकून बसायला लागलं होतं. मी त्या दिवशी तिथेच होते. अकराच्या सुमाराला बाहेर जीप वाजली, आणि वॉर्डाच्या दारातून आधी झेंडूचा हार आला, मग फोटोग्राफर आला, मागून मुकादम आणि त्याच्या मागून खुद्द चेअरमनसाहेब. त्यांना मुकादमाने एवढंच सांगितलं होतं की पोर थोडं आजारी होतं, आता बरं आहे. ते खुशीत होते. स्पर्धेचा मांडव दोन रस्ते पलीकडे होता, मंत्र्यांचा निरोप आला होता, आणि त्यांच्या हातात मागच्या वेळचा फोटो होता, चौकटीत बसवून आणलेला.

‘‘कुटं हाय आपला पैलवान?’’ त्यांनी विचारलं.

मुकादमाने खाटेकडे बोट दाखवलं. चेअरमनसाहेबांनी खाटेकडे पाहिलं. उशीला टेकून एक हाडकुळं, मोठ्या डोळ्यांचं पोर बसलं होतं, मान वळवून हाराकडे बघत होतं. तोंडाला दूध लागलेलं होतं. चेअरमनसाहेबांनी हातातला फोटो पाहिला, मग पोर पाहिलं, मग पुन्हा फोटो पाहिला. त्यांचा चेहरा असा झाला, जसा काट्यावर खोट सापडल्यावर होतो. मला वाटलं ते आता ओरडतील, पण ते ओरडले नाहीत. ते मुकादमाकडे वळून अगदी हळू आवाजात म्हणाले, ‘‘ह्ये दुसऱ्या कुनाचं तरी दिसतंय. आपलं पोर न्हवं ह्ये.’’

मुकादम खाली बघायला लागला. फोटोग्राफरने कॅमेरा पिशवीत घातला. मी बोलायला तोंड उघडलं, खूप काही साठलं होतं माझ्याजवळ. पण ती माझ्या आधी बोलली. एवढ्या दिवसांत तिला कुणासमोर मान वर करून बोलताना मी पाहिलं नव्हतं. तिने चेअरमनसाहेबांच्या डोळ्यांत पाहिलं.

‘‘न्हवंच तुमचं,’’ ती म्हणाली. ‘‘ह्ये माजं हाय.’’

आणि तिने पुढचा चमचा भरला.